धुलाई भत्ता

"झटकू नकोस," सेक्रेटरी म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकला.

खिडकीशी उभी असलेली त्याची लेक चादरीची दोन टोकं धरून तशीच थांबली. चादर साधी, निळ्या चौकड्यांची. तिच्यात असले तर पावाचे चार कण असतील. सकाळचे आठ वाजले होते, दहाला दोघांना छातीच्या दवाखान्यात पोचायचं होतं, आणि काल संध्याकाळी मुक्कामाला आलेल्या चिमीने उठल्याबरोबर बापाचं घर आवरायला घेतलं होतं. "का?" तिने विचारलं. अगदी सहज विचारलं. पण ज्या माणसाने पंचवीस वर्षं कामगार युनियनच्या सभा गाजवल्या, भल्याभल्या साहेबांना एका वाक्यात गार केलं, त्याने त्या एवढ्याशा 'का'ला सुचेल ते उत्तर दिलं. "खाली लोक असतात," तो म्हणाला. चिमीने वाकून खाली बघितलं. खाली कोणी नव्हतं. मग तिने चादर फटकन झटकली, आणि तिला खोकला आला. आधी दोन छोटे, आत कोणी आहे का म्हणून दार वाजवून बघावं तसे. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग तिसरा, लांबलचक, पोटापासून निघालेला, संपला संपला म्हणताना पुन्हा सुरू होणारा. सेक्रेटरीने कप खाली ठेवला. तो खोकला त्याला तोंडपाठ होता. सहा वर्षांपूर्वी याच खोलीत, याच खिडकीजवळच्या पलंगावर, चिमीची आई अशीच खोकत होती. दोन छोटे आणि एक मोठा.

पण खोकल्यापेक्षा त्याला स्वतःच्या त्या दोन शब्दांचीच जास्त भीती वाटत होती. ते आले कुठून? कारण धूळ झटकल्याने काही होतं असं न मानणारा या गावात पहिला कोणी असेल तर तो सेक्रेटरीच. एकतीस वर्षं त्याने पत्र्यांच्या कारखान्यात काढली होती. सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा पांढरा धागा कालवून छपराचे पत्रे करायचे, वाळले की कापायचे, घासायचे. कापताना जी धूळ उडे ती भुवयांवर बसे, कानांत बसे, डब्यातल्या पावावर बसे. सगळे तिला 'माल' म्हणत. जगभरचे डॉक्टर सांगत होते की हा माल छातीत जाऊन बसतो, वीस-तीस वर्षं गुपचूप बसून राहतो आणि मग एक दिवस माणसाला आतून आवळतो, आणि नुसतं कामगारालाच नाही, त्याचे कपडे धुणाऱ्या बाईलाही. सेक्रेटरी सांगत होता की सगळं झूट आहे. तो काही अडाणी नव्हता. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेई, ग्रहण सांगितल्या मिनिटाला लागलं की शास्त्रज्ञांचं तोंडभरून कौतुक करी, नातेवाइकाला कुत्रा चावला तेव्हा त्याला बखोट धरून इंजेक्शनला नेणारा हाच. सगळं विज्ञान त्याला मान्य होतं, एवढा एक धागा सोडून. आणि त्या धाग्यासाठी त्याने एक डबी केली होती. जुनी तपकिरीची, पितळेची, तिच्यात चिमूटभर पांढरा माल. सभेत कोणी आजाराचं नाव काढलं की तो डबी उघडे, चिमूट जिभेवर ठेवी, वरून घोटभर पाणी पिई आणि म्हणे, "एकतीस वर्षं खातोय. उद्या सकाळी माझ्या मयताला या. मी स्वतः दार उघडीन." लोक हसून हसून बेजार होत. मागच्या वर्षी तपासणीची गाडी आली, कारखान्याच्या वसाहतीतल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो फुकट काढते म्हणाली, तेव्हा तो फाटकात उभा राहिला, डबी उघडली आणि गाडी आल्या पावली परत गेली. तो फाटकात नसता तर लोक रांगेत उभे राहिले असते. तेही त्याला ठाऊक होतं.

बसमध्ये चिमी खिडकीशी बसली आणि तिच्या छातीच्या फोटोचं मोठं पाकीट तिने दोघांच्या मध्ये उभं ठेवलं. सेक्रेटरीला ते पाकीट मांडीला लागत होतं. तो हळूच सरकला. पाकीटही सरकलं. गेले तीन महिने औषधं चालू होती, आधी खोकल्याची, मग न्यूमोनियाची, मग आणखी कसली. उतार नव्हता. आता परवा म्हणे मोठ्या डॉक्टरबाईंनी निरोप दिला होता, येताना वडिलांना घेऊन या. वडिलांना कशाला? चिमी एक्केचाळीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते, तिची तिला अक्कल आहे. बापाला कशाला बोलवायचं? त्याच्या पोटात गोळा आला, आणि गोळा आल्याबरोबर नेहमीप्रमाणे डोक्यातला वकील उठून उभा राहिला. शाळेतला खडू, वकील म्हणाला. खडूची धूळ कमी असते का? शिवाय तिच्या सासरी स्टोव्ह होता. शिवाय हवा बघा हल्लीची. शिवाय आपला वजनकाटा, म्हणजे मालाची पोती तोलणारा दोस्त, ब्याऐंशीचा आहे, पोत्यांच्या गोदामात जन्म गेला आणि अजून जिना चढतो. शिवाय हे शोध लावतं कोण, आणि त्यांना लोखंडी पत्रेवाले पैसे देत नसतील कशावरून? हा वकील फार हुशार होता. कधी हरला नव्हता. पण आज सेक्रेटरीच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की तो पोटात गोळा आल्याशिवाय कधीच उठत नाही. आधी गोळा, मग मुद्दे. मुद्दे खरे असते तर गोळा न येताही सुचले असते. हा विचार त्याने घाईघाईने मागे ढकलला आणि बाहेर बघायला लागला. बाहेर एका घराच्या गच्चीवर कोणी बाई दोरीवर कपडे घालत होती. घालण्याआधी ती एकेक कपडा झटकत होती.

भत्त्याची गोष्ट तो कितीतरी वेळा सांगत असे. चौतीस वर्षं झाली तिला. कारखान्यात एक नवा इंजिनियर आला होता, कोवळा, मिशीही धड न फुटलेला. त्याने कमिटीपुढे कागद ठेवला. कारखान्यातच धोबीखाना बांधू. कामाचे कपडे इथेच काढायचे, इथेच अंघोळ करायची आणि स्वच्छ कपड्यांत घरी जायचं. ही धूळ घरी नेऊ नका, घरात बायका-मुलं असतात. कमिटी सावध झाली. अंघोळीला अर्धा तास जाणार तो कोणाचा? धोबीखान्याच्या नावाखाली उद्या फाटकात झडती सुरू झाली तर? आणि तेव्हा तरण्या सेक्रेटरीने ते वाक्य टाकलं. "साहेब, आमच्या बायकांची काळजी तुम्हाला कधीपासून लागली?" टेबलाभोवती जो हशा पिकला तो थांबेना. इंचपट्टी, म्हणजे पत्रे मोजणारा त्याचा जिवाभावाचा दोस्त, हसता हसता खुर्चीवरून खाली आला. धोबीखाना बारगळला. त्याऐवजी सेक्रेटरीने भांडून दर महिन्याला रोख धुलाई भत्ता मिळवला, आणि तोही थेट घरच्या बाईच्या हातात. पहिल्या महिन्यात तो स्वतः घरोघर वाटत गेला. तीनशे बेचाळीस घरं. बायकांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे दिले. त्या दिवशी लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. आयुष्यात असा दिवस एकदाच येतो. आणि गोष्ट सांगताना सेक्रेटरी दर वेळी एक गोष्ट गाळत असे. सगळे हसत होते तेव्हा त्याने त्या इंजिनियरच्या चेहऱ्याकडे बघितलं होतं. पोरगा चिडला नव्हता, लाजलाही नव्हता. तो घाबरला होता. अगदी पांढरा पडला होता. समोर लहान मूल रस्त्यावर धावत जाताना बघितल्यावर माणूस जसा घाबरतो तसा. सहा महिन्यांत तो नोकरी सोडून गेला. सेक्रेटरीने तो चेहरा कुठेतरी खोल टाकून दिला होता. आता बसच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि तो तसाच होता.

दवाखान्यात बाकं होती, हिरवा रंग मारलेली, आणि बाकांवर बसलेली माणसं एकमेकांचा खोकला ऐकत होती. सेक्रेटरीने खिशात हात घातला. डबी होती. इतर म्हातारे चष्मा विसरत नाहीत तसा तो डबी विसरत नसे. चिमी शेजारी ओठ मिटून बसली होती, खोकला दाबत होती, आणि दाबताना तिचे खांदे उडत होते. लहानपणी हसू दाबताना उडायचे तसेच. सात वर्षांची असताना. तिच्या आईची कंबर धरायला लागली होती तेव्हा कपडे झटकायचं काम तिच्याकडे आलं. रोज संध्याकाळी तो घरी आला की दारातच कामाचा शर्ट-पँट उतरवी आणि ही पोर ते कपडे घेऊन खिडकीत पळे. दोन बाह्या धरून फटकन एकदा, दोनदा, तीनदा. उतरत्या उन्हात पांढरा ढग उडे, तो चांगला घटकाभर लोंबकळे आणि मग सावकाश खिडकीच्या कट्ट्यावर बसे. ती तो बोटांनी गोळा करी. "बाबा, माझं पीठ." भातुकलीच्या परातीत तो माल घेऊन, पाण्याचा शिपका मारून ती त्याच्या पोळ्या करी, आणि तो, दमून आलेला बाप, एकेक पोळी तोंडाजवळ नेऊन खोटं खोटं खाई. "झक्कास झालीय हो." दोघं हसत. मग ती त्या हातांनी डोळे पुसे, नाक पुसे. हे सगळं तो विसरला होता का? नाही, विसरला नव्हता. त्याला पोळ्या आठवत होत्या, हसणं आठवत होतं, ऊनसुद्धा आठवत होतं. फक्त पीठ कशाचं होतं एवढंच त्याने इतकी वर्षं आठवू दिलं नव्हतं.

"तुम्ही यांचे वडील," डॉक्टरबाई म्हणाल्या. तरुण होत्या, आवाज बसलेला. चिमीच्या छातीचा फोटो त्यांनी उजेडाच्या चौकटीवर लावला होता. सेक्रेटरीने तिकडे न बघता मान हलवली. "आपण भेटलोय आधी. मागच्या वर्षी, तुमच्या वसाहतीच्या फाटकापाशी. मी गाडीत होते."

त्याला वाटलं, हं, आता भांडण. आणि एकदम बरं वाटलं. भांडण त्याला येत होतं. "मग तुम्हाला माहीतच असेल," तो म्हणाला, आणि बोलायला लागला. त्याने ठरवलं नव्हतं, पण तोंड आपोआप चालू झालं. एकतीस वर्षं, वजनकाटा ब्याऐंशीचा, शाळेतला खडू, लोखंडी पत्रेवाले. हात खिशात गेला, डबी बाहेर आली. "उद्या सकाळी माझ्या मयताला या," तो म्हणाला, आणि जिथे लोक हसत तिथे सवयीने थांबला. कोणी हसलं नाही. डॉक्टरबाई नुसत्या बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सेक्रेटरीने तो फार शोधला. "डबी उघडू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खिडकी बंद आहे, आणि यांची छाती आधीच भरलीय." त्याने डबी मुठीत धरली. मूठ कुठे ठेवायची ते त्याला कळेना.

"मला वाद घालायचा नाही, काका," त्या म्हणाल्या. "फुप्फुसावरच्या पडद्याला जाडी आलीय, पाणी झालंय. तुकडा काढून तपासावा लागेल. पण कशासाठी तपासायचं ते पेशंटच्या माहितीवरून ठरतं, आणि इथे माझं गाडं अडलंय." त्यांनी एक कागद त्याच्यापुढे फिरवून ठेवला. तीन महिन्यांपूर्वीचा. छापलेले प्रश्न, समोर हाताने भरलेली उत्तरं. घरातलं कोणी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामावर होतं का? त्याच्यापुढे वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'नाही'. "त्या 'नाही'मुळे तीन महिने आम्ही भलतीकडेच शोधत बसलो. परवा यांच्या माहेरचा पत्ता वाचताना मला वसाहतीचं नाव दिसलं."

ते अक्षर चिमीचं होतं. फळ्यावर लिहिणाऱ्या बाईचं, एकेक वेलांटी जागच्या जागी. सेक्रेटरीने लेकीकडे बघितलं. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"असं का लिहिलंस?"

"तुम्हाला लागलं असतं, बाबा."

"अगं, पण…"

"आईने सांगितलं होतं." ती थांबली, दोन छोटे खोकले आले, तिसरा तिने गिळला. "शेवटच्या आठवड्यात. म्हणाली, मला कशाने झालं ते मला ठाऊक आहे. पण यांच्यापाशी कधी बोलू नकोस. ते भत्त्याचं मनाला लावून घेतील आणि मोडतील. म्हणून मी नाही बोलले."

म्हणजे बायकोला ठाऊक होतं. पलंगावर पडल्या पडल्या ती त्याच्याकडून डबीच्या गोष्टी ऐकून घ्यायची, कुठल्या सभेत काय झालं ते विचारायची, कधी हसायचीसुद्धा, आणि तिला ठाऊक होतं. त्याला वाटत होतं की आपण एकटे सगळ्या जगाशी लढतोय. आणि घरातल्या दोन बायका त्याचं ते न कळणं जपत होत्या, म्हाताऱ्याची कवळी रात्री वाटीत जपून ठेवावी तसं. कोणीही त्याचं खरं मानलं नव्हतं. फक्त त्याची कीव केली होती. आणि त्या कीव करण्यात लेकीचे तीन महिने गेले होते. तीन महिने म्हणजे किती, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. त्याने वकिलाची वाट बघितली. पोटात गोळा होता, एवढा मोठा कधीच नव्हता. पण वकील उठला नाही.

"कपडे घरी धुवायचे?" डॉक्टरबाईंनी विचारलं. पेन उघडलेलं होतं.

नाही म्हणता आलं असतं. अजूनही. चिमीने ते त्याच्यासाठी लिहूनच ठेवलं होतं, त्याने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर वजनकाटा असेल, इंचपट्टी असेल, काय रे, काय म्हणाली तुझी डॉक्टरीण, म्हणून विचारतील, आणि तो डबी काढील. आणि हो म्हटलं तर? इंचपट्टीची बायको गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हा सेक्रेटरीनेच त्याला धीर दिला होता, वय झालं होतं रे. त्याच्या घरी पहिल्या महिन्याचा भत्ता याच हातांनी दिला होता. उद्या तो दोस्त आपल्याकडे कसा बघेल? बघेल तरी का?

"धुवायचे," सेक्रेटरी म्हणाला. "घरीच धुवायचे. धुवायची हिची आई. झटकायची ही."

"किती वर्षांची असताना?"

"सातव्या वर्षापासून. सात की आठ वर्षं. आणि…" पोळ्यांचं सांगावं की नाही ते त्याला कळेना. मग त्याने तेही सांगितलं. सांगताना तो चिमीकडे बघू शकला नाही. डॉक्टरबाईंचं पेन एकदा थांबलं, मग पुन्हा चालू झालं. त्याने ऐकलं होतं की माणूस कबूल झाला की हलका होतो. तो हलका झाला नाही. इतकी वर्षं भीती दाराबाहेर उभी होती, आता त्याने दार उघडलं होतं आणि ती आत येऊन त्याच्यासमोर बसली होती. चिमीचा हात त्याच्या मुठीवर आला, डबीसकट. तो हात गार होता.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता निदान योग्य जागी शोधू. जे असेल ते लपवणार नाही." मग पेन टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "अशी किती घरं असतील, काका? जिथे कपडे घरी जायचे? आम्ही मागच्या वर्षी कारखान्याकडे यादी मागितली. त्यांच्याकडे नाही म्हणतात."

यादी होती. ती कुठल्या कपाटात नव्हती, सेक्रेटरीच्या डोक्यात होती. चौतीस वर्षांपूर्वी तो ती पाठ म्हणत गल्ल्यांतून फिरला होता, कोणत्या दारात कोणती बाई, कोणाची सही, कोणाचा अंगठा, आणि नंतर कितीतरी वेळा अंथरुणावर पडल्या पडल्या समाधानाने उजळली होती, झोप लागेपर्यंत. आता ती एकेक दार उघडत आपोआप समोर येत होती. प्रत्येक दारात एक खिडकी होती, खिडकीत कोणीतरी उभं होतं, आणि त्यांच्यापैकी कितीतरी अजून जिवंत होत्या, आणि काल भेटल्या तेव्हा खोकत होत्या, आणि त्याने ऐकलं होतं.

"तीनशे बेचाळीस," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी कोरा कागद ओढला. तेवढ्यात चिमीला मघाशी गिळलेला तिसरा आला, लांबलचक, संपला संपला म्हणताना पुन्हा सुरू होणारा. सेक्रेटरी थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तो खोकला त्याने शेवटपर्यंत, दुसरीकडे न बघता, ऐकला. मग त्याने डबी टेबलावर ठेवली, झाकण घट्ट आहे ना ते अंगठ्याने दाबून बघितलं.

"लिहा," तो म्हणाला. "पहिलं घर आमचं."